नकाशा आणि वहिवाट

‘वहिवाट’ हा आपल्या भाषेतील एक अतिशय अर्थपूर्ण शब्द आहे. त्यात वाट आहे, वापर आहे आणि त्या दीर्घ वापरातून उत्पन्न होणारा हक्कही आहे. दस्तऐवजाला शाई लागते, मुद्रांक लागतो. वहिवाटीला माणसांची ये-जा पुरेशी होते. बँकेच्या कर्ज विभागात सुमारे तीस वर्षे घालवल्यामुळे या शब्दाशी माझा संबंध पुस्तकी राहिला नाही. जमीन तारण घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा शोध-अहवाल मागवावा, सात-बारा व फेरफार तपासावेत, गावनकाशा पाहावा आणि शेवटी स्वतः जागेवर जावे, असा आमचा शिरस्ता होता. यातील शेवटची पायरी अनेकांना निरर्थक वाटे. मला मात्र तीच महत्त्वाची वाटत आली.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी असताना एका व्यापाऱ्याने गोदामासाठी कर्ज मागितले होते. कागद स्वच्छ होते. तीस वर्षांत एकही बोजा नव्हता. जागा पाहावयास गेलो, तेव्हा शेताच्या मधून गेलेली, बैलगाड्यांच्या चाकांनी खोल झालेली एक वाट दिसली. नकाशात तिचा मागमूस नव्हता. बांधावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास विचारले. तो म्हणाला, “साहेब, ही वाट आमच्या आजापासूनची. सुगीला समद्या वस्तीच्या गाड्या हितनंच जातात.” मी ते माझ्या अहवालात नोंदवले. अर्जदार प्रथम नाराज झाले. परंतु त्यांनी कुंपण बारा फूट आत घेतले आणि गोदाम उभे राहिले. वीस वर्षे अखंड, उघडपणे व हक्काने केलेला वापर आपला कायदाही मानतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या वृद्धासही ठाऊक नव्हते. त्याला फक्त वाट ठाऊक होती.

हा विषय सातासमुद्रापार पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते. निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडला काही आठवडे राहण्याचा योग आला. लंडनच्या ईशान्येस, भुयारी रेल्वेच्या सेंट्रल मार्गावर लाउटन नावाचे गाव आहे. त्याला लागून एपिंगचे अरण्य पसरले आहे. सुमारे ६,००० एकरांचे हे वन लंडनच्या वस्तीतून सुरू होऊन एपिंग गावापर्यंत जाते. सकाळी फिरावयास गेलो की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवे. तेथील जुनी झाडे विचित्र दिसतात. माणसाच्या उंचीपर्यंत एकच जाड, गाठाळलेला बुंधा आणि तेथून एकदम अनेक फांद्या हाताच्या बोटांसारख्या वर गेलेल्या. बीच, ओक, हॉर्नबीम, सर्वांचा आकार तसाच. अशा वृक्षांना तेथे ‘पोलार्ड’ म्हणतात. अशी सुमारे ५०,००० प्राचीन झाडे या अरण्यात आहेत, आणि त्यांना हा आकार गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीने दिला आहे.

इंग्लंडात ‘फॉरेस्ट’ हा शब्द मुळात कायद्याचा आहे. राजाने शिकारीसाठी राखलेला प्रदेश म्हणजे फॉरेस्ट. त्यात दाट झाडी, माळराने, गावे आणि शेतेही येत. हरणे राजाची, जमीन त्या त्या जहागीरदाराची, पण चराईचा आणि सरपणाचा हक्क गावकऱ्यांचा, अशी ती तिहेरी व्यवस्था होती. या हक्कांना १२१७ सालच्या अरण्यसनदेने मान्यता दिली. हरीण मारल्याबद्दल कोणाचा प्राण वा अवयव घेऊ नये, असेही त्याच सनदेने ठरवले.

लाउटनच्या लोकांचा सरपणाचा हक्क नियमांनी बांधलेला होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री छाटणीस आरंभ करावयाचा आणि २३ एप्रिलला थांबावयाचे. बुंध्याला हात लावावयाचा नाही; सुमारे सहा फुटांच्या वरच्याच फांद्या तोडावयाच्या, म्हणजे नवी पालवी गुरांच्या तोंडास लागत नाही आणि झाड जगते. हा अधिकार पहिल्या एलिझाबेथ राणीने दिला, अशी लोकांची श्रद्धा होती. दरवर्षी त्या मध्यरात्री कोणीतरी जाऊन पहिली फांदी तोडलीच पाहिजे, एक वर्ष चुकले तर हक्क बुडाला, अशीही समजूत होती. एका वर्षी जहागीरदाराच्या बाजूने गावकऱ्यांना त्याच रात्री भरपूर खाण्यापिण्याचे आमंत्रण देण्यात आले. हेतू हा की मध्यरात्र पानगोष्टीत निघून जावी. परंतु टॉमस विलिंगेल नावाचा एक लाकूडतोड्या वेळेवर उठला, अरण्यात गेला आणि फांदी तोडून परत आला, अशी आख्यायिका सांगतात. ती जशीच्या तशी घडली की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. हक्क कसा जिवंत ठेवावा, हे त्या गावाने आपल्या मुलांना या गोष्टीतून शिकवले.

गावच्या ग्रंथालयात मी जॉन चॅपमन आणि पीटर आंद्रे यांनी १७७७ साली प्रसिद्ध केलेल्या एसेक्स परगण्याच्या नकाशाची प्रतिकृती पाहिली. मैलाला दोन इंच या प्रमाणात, २५ पानांवर काढलेला तो नकाशा म्हणजे चिकाटीचा उत्तम नमुना आहे. रस्ते, ओढे, वाडे, गावांची हिरवी मैदाने, सारे त्यात आहे. सरकारी सर्वेक्षण खात्याने एसेक्सचा नकाशा १८०५ साली काढला, तो याच्यानंतरचा. १७७७ च्या नकाशावर एपिंगच्या शेजारी हेनॉल्टचे अरण्यही ऐसपैस पसरलेले दिसते. मी बराच वेळ त्या पानावर रेंगाळलो. अरण्याची कड कोठे आहे हे नकाशा सांगतो. परंतु ११ नोव्हेंबरच्या रात्री तेथे कोण जातो, कोणाची गुरे कोठवर चरतात, हे त्यात कोठेही नाही. ते सारे माणसांच्या स्मरणात होते.

इंग्रज ग्रामस्थांना ही उणीव पूर्वीपासून माहीत असावी. नकाशे दुर्मिळ होते, त्या काळापासून दरवर्षी गावाची सीमाफेरी काढण्याची प्रथा तेथे होती. धर्मगुरू, वृद्ध आणि मुले मिळून हद्दीवरून चालत. प्रत्येक सीमादगडापाशी एखाद्या मुलास त्या दगडावर आपटत किंवा हलकासा फटका देत, म्हणजे ती जागा त्याला जन्मभर आठवावी. साठ वर्षांनी वाद उत्पन्न झाला, तर साक्ष देण्यासाठी एक तरी माणूस हयात असावा, ही त्यामागील योजना. आपणही मुलांना पाढे असेच पाठ करविले की!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही स्मरणाची व्यवस्था कसोटीस लागली. लंडन वाढत होते, जमिनीचे भाव चढत होते. हेनॉल्टचे अरण्यपण १८५१ च्या कायद्याने रद्द झाले आणि थोड्याच काळात तेथील बहुतेक झाडे मुळासकट काढून शेतजमीन करण्यात आली. एपिंगमध्येही राजसत्तेने आपले वनाधिकार जहागीरदारांना विकले आणि कुंपणे उभी राहू लागली. लाउटनच्या जहागीरदाराने गावची वनभूमी बंद केली, तरी विलिंगेलने छाटणी थांबवली नाही. १८६६ साली त्याच्या घरातील तरुणांना फांद्या तोडल्याबद्दल तुरुंगात जावे लागले. त्याच वर्षी, नुकत्याच स्थापन झालेल्या सामाईक भूमी संरक्षण संस्थेच्या पाठबळाने, या निरक्षर म्हाताऱ्याने जहागीरदारावर चान्सरी न्यायालयात दावा लावला. १८७० मध्ये तो वारला आणि दावा तेथेच थांबला. एका माणसाच्या श्वासावर टांगलेल्या हक्काची ही मर्यादा होती.

पुढचा भाग व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम वाचावा असा आहे. लंडनच्या मूळ व्यापारपेठेचा कारभार पाहणारी ‘सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन’ ही संस्था जुन्या व्यापारी संघांच्या पायावर उभी आहे. तिने दफनभूमीसाठी या अरण्याच्या दक्षिण टोकास जमीन घेतली होती आणि त्या जमिनीबरोबर तिला अरण्यात गुरे चारण्याचा हक्क मिळाला होता. या एवढ्याशा धाग्यावर तिने १८७१ साली सर्व जहागीरदारांविरुद्ध दावा दाखल केला. तिचे म्हणणे असे की चराईचा हक्क एकेका जहागिरीपुरता नाही; हक्कदाराची गुरे संपूर्ण अरण्यात फिरत आली आहेत, तेव्हा कोणीही कोठेही कुंपण घातले तरी तो सर्वांच्या हक्कावर घाला आहे. हे सिद्ध करण्यासाठी जुन्या वनन्यायालयांची दप्तरे धुंडाळण्यात आली आणि वृद्धांच्या साक्षी काढण्यात आल्या. कागद आणि स्मरण, दोन्ही एकाच बाजूने बोलू लागले. १८७४ साली न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसेल यांनी कॉर्पोरेशनच्या बाजूने निकाल दिला. पाठोपाठ १८७८ चा एपिंग अरण्य कायदा झाला आणि ते वन लोकांच्या विहारासाठी कायमचे मोकळे राहिले. जमीनखरेदीचा पैसा कोठून आला? लंडन बंदरात येणाऱ्या धान्याच्या मापणावळीतून! धान्याच्या मापावरची ती पट्टी मोकळ्या जागा राखण्यासाठी वापरण्याची तरतूद १८७२ च्या कायद्याने झाली होती.

लाउटनच्या छाटणीचा हक्क मात्र ७,००० पौंड भरपाई देऊन संपवण्यात आला. त्या रकमेतून गावासाठी १८८४ साली ‘लॉपिंग हॉल’ नावाचे सभागृह उभे राहिले. त्याच्या जुन्या दारावर भाजलेल्या मातीत फांद्या तोडणारी माणसे कोरलेली आहेत. मी तेथे उभा राहिलो तेव्हा मनात संमिश्र भावना होत्या. हक्काचे भांडवल झाले, भांडवलाची वास्तू झाली; हिशेब चोख होता. तथापि झाडांचा हिशेब वेगळा निघाला. छाटणी थांबल्यावर फांद्या जड झाल्या, बुंधे फाटू लागले, दाट सावलीखाली इतर वनस्पती मरू लागल्या. अलीकडच्या दशकांत अरण्याचे संरक्षकच काही झाडांची जुन्या पद्धतीने छाटणी करू लागले आहेत. गावकऱ्यांच्या वहिवाटीत वनशास्त्रही होते, हे कळावयास एवढा काळ गेला.

१८७८ हे वर्ष वाचताच मी थबकलो होतो. त्याच वर्षी त्याच साम्राज्याने हिंदुस्थानासाठी वनकायदा केला. वन राखीव करण्याचा जाहीरनामा निघाल्यावर ठरलेल्या मुदतीत, किमान तीन महिन्यांत, ज्याने आपला दावा मांडला नाही त्याचा हक्क सामान्यतः नष्ट होई. ठाण्या-कुलाब्याचे शेतकरी भाताच्या राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या छाटत आले होते. त्यांचीही ती वहिवाटच होती. परंतु त्यांच्या पाठीशी लंडनची कॉर्पोरेशन नव्हती. असंतोष एवढा वाढला की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. बँकेत दहा वर्षे न हललेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. वारस केव्हाही मागू शकतो. जंगलाच्या ठेवीदारांना तेवढीही सवलत नव्हती.

न्याय मिळावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम यांत पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाबही मान्य झाला. २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातील पहिल्या काही हक्कांपैकी एक होता. विलिंगेलच्या पिढीने आठवणीवर जे पेलले, त्याला आपल्याकडे अखेर कागदाची जोड मिळाली.

आम्ही बँकेत महिनाअखेरीस दोन खाती जुळवून पाहत असू. फरक निघाला तर कोणत्याही एका बाजूला खोटे न ठरवता तो शोधावा लागे. नकाशा आणि स्मरण यांचेही तसेच जुळवणीचे खाते आहे. नकाशा हद्द सांगतो, स्मरण वापर सांगते. दोहोंपैकी एक गहाळ झाले की ताळा लागत नाही. त्यातही स्मरणाचे खाते जास्त धोक्यात असते. त्याची प्रत नसते आणि ज्याच्यापाशी ते असते तो कधी ना कधी जातो.

आपल्या घरांतही असे बरेच काही तोंडीच चालत आले आहे. पेठेतील दुकानामागची सामाईक बोळ, दोन घरांत वाटलेला आड, भिंतीचा अर्धा मालकीभाग, गावच्या शेतावर जाण्याची वाट. आजोबांना ते ठाऊक असते, वडिलांना अर्धेमुर्धे आणि मुलांना मुळीच नाही. येत्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर नव्या वहीची शेवटची चार पाने कोरी ठेवावीत, अशी माझी विनंती आहे. घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला जवळ बसवून, जे कोणत्याही दस्तात नाही ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. खाली तारीख घालावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. आणि दुसऱ्या दिवशी नातवंडांना घेऊन ती वाट एकदा पायी चालून यावे.