चिठ्ठीतली कामगिरी

घरात पाहुणे जमले म्हणजे पहिला तासभर कसा जातो ते मी नव्याने सांगायला नको. ‘प्रवास कसा झाला?’, ‘तुमच्याकडे थंडी पडली का?’, ‘धाकटा आता कितवीला?’ एवढे प्रश्न विचारून झाले की बायका स्वयंपाकघरात, पुरुष झोपाळ्याभोवती आणि मुले जिथे रागावणारे कोणी नसेल तिथे, अशी आपोआप वाटणी होते. हल्ली तर तीही होत नाही. सगळे एकाच खोलीत बसतात आणि प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये गावाला गेलेला असतो.

२०२३ सालच्या भाऊबीजेला असे होऊ द्यायचे नाही, असा विडा माझ्या भाच्याने उचलला. तो पुण्याला नोकरी करतो. पाडव्याच्या रात्री आल्या आल्या त्याने जाहीर केले, “मामा, उद्या एक खेळ खेळायचा. आमच्या ऑफिसात खेळतात. प्रत्येकाला एक चिठ्ठी. चिठ्ठीत एक गुप्त कामगिरी. ती कोणाला कळू न देता जेवणं होईपर्यंत पार पाडायची. कोणाला संशय आला तर त्याने ‘पकडलं’ म्हणायचं. संशय खरा ठरला तर चिठ्ठीवाला बाद, खोटा ठरला तर म्हणणारा बाद. बाद होईल त्याने गाणं म्हणायचं नाहीतर नाव घ्यायचं.”

“आणि चिठ्ठ्या कोण लिहिणार?” मी विचारले.

“तुम्ही. एवढ्या कादंबऱ्या लिहिता, चौदा चिठ्ठ्या लिहायला काय!”

भाच्याला वाटत होते की आपण काही अपूर्व वस्तू पुण्याहून आणली आहे. मी त्याचा हिरमोड केला नाही. पण रात्री चिठ्ठ्यांचे कागद कापत बसलो तेव्हा मनात आले, हा खेळ आपल्याकडे नवा कधी होता? भोंडल्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून, गाणी म्हणून घसा बसला तरी मुली घरी का जात नाहीत? डब्यातली खिरापत ओळखायची असते म्हणून. डबा कानाशी हलवून पाहायचा, ‘गोड की तिखट?’ म्हणून विचारायचे, आणि घरच्या माउलीने चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही. लग्नात नवरा-नवरीने मुठीतली सुपारी सोडवायची ती काय सुपारीसाठी? आणि चार चिठ्ठ्यांचा तो राजा-प्रधान-शिपाई-चोर! आमच्याकडे राजाला हजार, प्रधानाला आठशे, शिपायाला पाचशे आणि चोराला शून्य असा भाव होता. चोराची चिठ्ठी आली की माझे कान लाल होत. शिपायाला माझ्याकडे बघावेसुद्धा लागत नसे, माझ्या कानांकडे बघितले की पुरे.

या खेळाचा खरा मूळपुरुष शोधायचा तर विराटनगरीपर्यंत जावे लागेल. पाची पांडव आणि द्रौपदी एक वर्ष दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच नावाने राहिले. धर्मराज कंक झाला, भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात शिरला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवू लागला. कोणी ‘पकडलं’ म्हटले असते तर पुन्हा बारा वर्षे वनवास. त्या मानाने एखादे गाणे म्हणणे म्हणजे फारच स्वस्तातली शिक्षा.

चिठ्ठ्या लिहिणे मात्र मला वाटले तेवढे सोपे नव्हते. कामगिरी फार विचित्र असली तर माणूस लगेच पकडला जातो, फार साधी असली तर खेळणाऱ्यालाच गंमत वाटत नाही. आणि पाहुण्यांत बासष्ट वर्षांची माझी अक्का होती तशी चौथीतली माझी चिमीही होती. कोणाच्या वाट्याला काय येईल याचा नेम नाही. शेवटी रात्री बारापर्यंत बसून चौदा चिठ्ठ्या पुऱ्या केल्या. ‘बोलता बोलता पावसाचा विषय तीनदा काढा.’ ‘घरातले घड्याळ पाच मिनिटे पुढे करा.’ ‘कोणाकडून तरी दोनदा “अगं बाई!” म्हणवून घ्या.’ ‘तीन जणांना पाणी मागायला लावा.’ आणि माझी मलाच फार आवडलेली एक, ‘जेवण होईपर्यंत “नको” म्हणू नका.’

मराठी माणसाला याहून अवघड काम सांगता येणार नाही. पंगतीत आग्रह करणाऱ्याने वाढायचे आणि जेवणाऱ्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरून ‘नको, नको’ म्हणायचे, हा आपला शिष्टाचार. त्यातले किती ‘नको’ खरे असतात हे वाढणारीला बरोबर कळते. आणि आमच्या अक्काचे तर सारे आयुष्यच या एका शब्दावर उभे. नवे लुगडे? नको, आहेत तीच पुष्कळ आहेत. गाडीने सोडू? नको, एस.टी. आहे की. यजमान गेल्यापासून ती चिपळूणजवळच्या खेड्यात एकटी राहते. ‘इकडे कऱ्हाडला ये,’ म्हटले की नको. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, तो काढून घे म्हटले तरी नकोच. एका वर्षी गाय व्यायची होती, दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला, तिसऱ्या वर्षी ‘पिकू दे अजून’ म्हणाली. आता पिकायची वाट बघावी लागत नाही, थेंब टाकून डोळा बधिर करतात, आत भिंग बसवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात, हे आम्ही तिला निदान दहादा सांगितले होते. ती ऐकून घेई आणि विषय बदली.

भाऊबीजेच्या सकाळी अभ्यंगस्नाने उरकल्यावर भाच्याने टोपीत चिठ्ठ्या घालून सर्वांपुढे फिरवल्या. जो तो आपली चिठ्ठी घेऊन कोपरा गाठू लागला. अक्का अंगणात तुळशीपाशी उन्हात गेली. चिठ्ठी लांब धरून, जवळ धरून, तिने सावकाश पाहिली. मग घडी करून कनवटीला लावली आणि हसत आत आली. तिचा उत्साह पाहून मला बरे वाटले.

त्यानंतरचे तीन तास आमच्या घरात जी धमाल उडाली ती सांगून कळायची नाही. या खेळाची खरी मजा कामगिरीत नाही, संशयात आहे. एरवी ज्यांच्याकडे आपण पाहतही नाही, त्यांच्याकडे त्या दिवशी सारे डोळे लावून बसलेले! कोणी शिंकला तरी दुसरे दोघे दचकून बघत. धाकट्या मेहुण्याने “यंदा पाऊस फार झाला,” म्हणताच भाची ओरडली, “पकडलं!” बिचाऱ्याची चिठ्ठी भलतीच होती, तो खरोखरच पावसाबद्दल बोलत होता. आमच्या दाजींना साखर आहे, पण त्यांनी माईच्या देखत दोन करंज्या आणि एक अनारसा घेतला. दाजींचे गोडावरचे प्रेम सर्वश्रुत असल्यामुळे त्यांचा संशय मात्र कोणालाच आला नाही.

ओवाळणीच्या वेळी अक्काने मला कुंकू लावले ते कपाळाच्या मध्यावर न लागता डाव्या भुवईवर लागले. अक्षता टाकल्या त्या माझ्या खांद्यावरून मागे गेल्या. “पकडलं! पकडलं!” चिमी टाळ्या पिटत नाचू लागली. “आत्याची चिठ्ठी टिळा चुकवायची आहे!” अक्का नुसती मान हलवून हसली. तशी चिठ्ठी मी लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे चिमी बाद झाली आणि तिला गाणे म्हणावे लागले. मीही भुवई पुसत पोटभर हसलो.

मग पंगत बसली. आणि माझ्या ध्यानात आले, अक्का आज ‘नको’ म्हणत नाही! बायको म्हणाली, “अक्का, आज तुम्ही पहिल्या पंगतीला बसा,” तर ती बसली. दुसरी पुरणपोळी वाढली तर हात आडवा आला नाही. वर तूप वाढले, तेही घेतले. मी मनात म्हटले, वा! पडायची तिथेच चिठ्ठी पडली. आता बाई कशी निभावते पाहू.

तेवढ्यात भाच्याने सहज विचारले, “मावशी, दिवाळी झाल्यावर डोळ्याचं करून टाकू या का? मी सुट्टी काढून येतो.”

अक्काने घास गिळला आणि म्हणाली, “करू या.”

पंगतीत सगळे एकदम गप्प झाले. माई म्हणाली, “खरं?” अक्का म्हणाली, “खरं.” भाच्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. कारण हे ‘करू या’ कोठून आले ते, मला वाटले, मला एकट्यालाच माहीत होते. ते माझ्याच अक्षरात, दोन बोटे रुंदीच्या कागदावर लिहिलेले होते. तीन वर्षे आम्ही सगळ्यांनी विनवूनही जे मिळाले नव्हते ते एका खेळाने तिच्या तोंडून काढून घेतले होते, आणि जेवण संपताच तो शब्द मागे जाणार होता. भाच्याला हळूच सांगावे तर खेळ मोडतो, न सांगावे तर पोरगा उद्याच डॉक्टरची वेळ ठरवून बसतो. समोरची पोळी मला गोड लागेना.

विडे झाल्यावर चिठ्ठ्या उघडायची वेळ आली. सुरुवात दाजींपासून झाली. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून, घसा खाकरून वाचली, “जेवण होईपर्यंत ‘नको’ म्हणू नका.” आणि माईकडे वळून म्हणाले, “माझा नाइलाज होता!” हशाने माळवद उडायची वेळ आली. मी मात्र अक्काकडे बघत राहिलो.

तिची पाळी आली तेव्हा तिने कनवटीची चिठ्ठी काढून चिमीपुढे धरली. “वाच गं तू. माझा चष्मा आत राहिलाय.”

चिमी म्हणाली, “आत्या, चष्मा तर तुझ्या डोळ्यांवरच आहे!”

पुन्हा हशा. चिमीने खणखणीत आवाजात वाचले, “तीन जणांना पाणी मागायला लावा.” अक्काने तसे काहीच केलेले नव्हते. “आत्या हरली!” असा गलका झाला आणि तिला गाणे म्हणायला लावले. तिने भोंडल्याचे एक गाणे म्हटले. माई आणि बायको मागून म्हणू लागल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुळशीपाशी उन्हात उभी असलेली अक्का येत होती, आणि मग ते भुवईवरचे कुंकू.

संध्याकाळी ती ओटीवर वाती वळत बसली होती. बोटांच्या सरावाने वळत होती, हाताकडे बघत नव्हती. मी जवळ जाऊन बसलो.

“अक्का, वाचता येत नव्हती तर सकाळीच सांगायचंस ना.”

“पोरांचा विरस झाला असता.” थोडा वेळ ती वळत राहिली. मग म्हणाली, “उन्हात धरली रे बाळ, म्हटलं उन्हात तरी दिसेल. नुसता पांढरा कागद. तू लिहिलंयस एवढं ठाऊक होतं.”

माझ्या पाटीवर पहिला ‘ग’ गिरवून घेतला तो अक्कानेच. पुढे मी मॅट्रिक होऊन मुलांना अक्षर शिकवू लागलो, पुस्तके लिहिली. ती सगळी तिच्या घरी फडताळात ओळीने लावलेली आहेत. शेवटची दोन तिने वाचली असतील असे मी धरून चाललो होतो. त्यांच्याबद्दल ती काही बोलली नाही तेव्हा मला वाटले, आवडली नसतील. मला थोडा रागही आला होता.

मार्गशीर्षात भाचा सुट्टी काढून आला आणि एका डोळ्याचे काम झाले. त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. काळा चष्मा लावून ती आमच्याकडेच राहिली, चिमीने घड्याळ लावून वेळच्या वेळी थेंब टाकले. दुसऱ्या डोळ्याला ती नको म्हणाली, आणि चार दिवसांनी बरे म्हणाली.

भोगीच्या दिवशी स्वयंपाकघर तिने आपल्या ताब्यात घेतले. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लेकुरवाळी भाजी, लोण्याचा गोळा, आणि पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. “ठेचा घे, बाळ,” म्हणून तिने वाढला. मी घास घेतला आणि कानांतून वाफा निघाल्या. “पाणी!” मी ओरडलो. पाठोपाठ बायको, “अहो, तो तांब्या इकडे!” चिमीने तर डोळ्यांतून धारा लागल्यावर, “आत्या, पाणी दे, पाणी दे!” म्हणून आकांत मांडला.

अक्काने शांतपणे तिला पेला भरून दिला. मग कनवटीला हात घालून दिवाळीतली ती मळकी चिठ्ठी काढली, उलगडून पानांच्या मध्ये ठेवली आणि मला म्हणाली, “मास्तर ना रे तू? किती किरटं अक्षर हे!”