चार खुंट्या

"तुझा कानच कच्चा आहे," असं माझ्या लेकीला गाण्याच्या क्लासात सरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, आणि घरी आल्यावर मीही तेच म्हणाले. ते अजून सलतं.

आम्ही अंबाजोगाईचे. प्रवेशिका परीक्षेची तयारी होती म्हणून मोठ्या शहरातल्या एका दुकानातून विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्तातला तंबोरा आणला. मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर भागलं असतं, पण तार स्वतः लावल्याशिवाय षड्ज अंगात मुरत नाही असं मला वाटायचं. आजही वाटतं.

आणल्या दिवसापासून घोर लागला. पंचम लावून जोडाच्या तारांकडे वळावं, तोवर पंचम उतरलेला. जोड जुळवावा, तर खर्ज ढिला. मणी सरकवून सूर किंचित हलतो. खुंटीच टिकत नसेल तर मणी काय करणार? त्यात एप्रिल. आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड सुकून आकसतं, आणि खुंटी कर्रकन आपोआप फिरते. कुणी म्हणालं खडू लावा, कुणी म्हणालं कागद गुंडाळा. शेजारच्या काकांनी हातोडीनं हलकेच ठोकून दिली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "मुलीला लावता येत नसेल."

पोर बारा वर्षांची. रोज अर्धा तास खुंट्या पिळण्यात जायचा आणि गाणं दहा मिनिटं. हळूहळू ती नीट लागलेल्या तारेलाही विचारू लागली, "लागली का गं आई?" त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी रागावतच राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत परळीहून पंढरपूरमार्गे मिरजेला जाणारी गाडी धरली. तंबोरा गोधडीत गुंडाळून मांडीवर. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारं घडवणारे हात वाद्यांकडे वळवले; तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही गेलो ते मात्र चार खुंट्यांसाठी.

कारागिरांनी तार उतरवली, खुंटी ओढून काढली आणि लेकीच्या हातात दिली. "बघ, चकाकी कुठं आहे?" खुंटीवर एकाच जागी बारीक चकचकीत कडं उमटलं होतं. भोकात ती तेवढीच घासत होती, बाकी सगळी अधांतरी. खुंटी टोकाकडे निमुळती असते आणि भोकही त्याच उताराचं असावं लागतं. मग दाबून फिरवली की पाचरीसारखी घट्ट बसते. आमच्या तंबोऱ्यात खुंटीचा उतार एक, भोकाचा दुसरा. "यात कुणालाच सूर लावता आला नसता, बेटा. मलासुद्धा नाही."

लेक तिथेच रडायला लागली. मी बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिले.

नव्या शिसवी खुंट्या बसवण्यात दुपार गेली. खुंटी कानशीनं घासायची, भोकात फिरवायची, काढून खूण बघायची, पुन्हा घासायची. सगळीकडून सारखी खूण उमटेपर्यंत हेच. शेवटी खडूचा हात. म्हणून सांगते, तंबोरा घेताना भोपळ्यावरची नक्षी नंतर बघा, आधी एक खुंटी काढून बघा. आणि ठोकू मुळीच नका, भोकाच्या कडेनं लाकूड चिरतं.

असली स्वस्त वाद्यं विकूच नयेत, असं मी परतताना गाडीत म्हणत होते. पण स्वस्त नसता तर आमच्या घरात तंबोरा आलाच नसता, हेही खरं. तरीही कुणीतरी अर्ध्या दिवसाचं काम वाचवलं आणि ते माझ्या लेकरानं महिनोन्महिने भरलं, हे काही केल्या पटत नाही.

आता तारा टिकतात. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट होतात, तेव्हा ती ओढाताण न करता सबुरीनं घेते. पण जोड एकजीव झाला तरी तिचा हात खुंटीवरून लवकर उठत नाही. मी स्वयंपाकघरातून सांगते, "लागलाय गं, सोड आता." ती सोडत नाही.