माझी टीम कुठली?

आयपीएल सुरू झालं की चहाच्या टपरीवर हमखास विचारणा होते, "पत्रकार, तुमची टीम कुठली ओ?" मी हसून विषय बदलतो. खरं उत्तर असं की माझी टीम बंद पडली. एकदा नाही, दोनदा.

2011 ला पुणे वॉरियर्स आली तेव्हा मी तिशीत होतो. मुंबईची टीम होतीच, पण विट्याच्या माणसाला शिक्षण, नोकरी, मोठा दवाखाना सगळ्यालाच पुणं जवळचं. म्हटलं, ही आपली. सहाराने ती 37 कोटी डॉलरला घेतली होती, तोवरची सगळ्यात महाग टीम. पहिल्या वर्षी दहांत नववी. दुसऱ्या वर्षी नवांत नववी. तिसऱ्या वर्षी आठवी, तर मी त्यालाही प्रगती म्हटलं!

हरण्याचं मला काही नाही. युवराज आजारी पडला, त्याला कोण काय करणार? राग कारभाराचा होता. 2012 ला ऐन लिलावाच्या दिवशी मालकांनी बीसीसीआयशी भांडण काढलं. 2013 ला एका हंगामात तीन कर्णधार. त्याच वर्षी 23 एप्रिलला गेलने आमच्या बॉलरना 66 चेंडूंत 175 ठोकले, ते मी ऑफिसात बातम्या लावता लावता बघितलं. मेमध्ये पैशांच्या वादात सहारा बाहेर पडली, ऑक्टोबरमध्ये बीसीसीआयने टीमच रद्द केली. गहुंजेच्या मैदानाला दिलेलं सुब्रत रॉय यांचं नावसुद्धा उतरलं. फॅनला कुणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कशाला?

शहाणा माणूस इथे थांबला असता. 2016 ला गोएंकांची रायझिंग पुणे आली, धोनी कर्णधार, आणि मी पुन्हा पाघळलो. चेन्नई-राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती, ती जागा भरायला ही टीम. म्हणजे करारच दोन वर्षांचा. हे मला माहीत होतं, बातमी मीच लावली होती.

त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला निघाली. मी घाटमाथ्यावर आणि आटपाडीकडे टँकरच्या बातम्या करत फिरत होतो. उच्च न्यायालयाने मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मी कोर्टाच्या बाजूने लिहिलं, आजही तेच लिहीन. इकडे बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत उन्हात बसलेल्या, आणि तिकडे खेळपट्टीवर पाणी मारायचं, हे पटण्यासारखं नव्हतंच. पण रात्री घरी टीव्ही लावला तर माझी टीम विशाखापट्टणमला 'घरचा' सामना खेळत होती, आणि मला वाईट वाटलं. ज्या म्हातारीचा फोटो सकाळी काढला होता, तिला हे कोणत्या तोंडाने सांगणार? स्वतःची लाज वाटली. तरी मॅच शेवटपर्यंत बघितलीच.

पुढच्या वर्षी धोनीचं कर्णधारपद काढून स्मिथला दिलं. मालकाचे भाऊ ट्विटरवर धोनीला टोमणे मारत होते. एवढं होऊनही टीम फायनलला गेली. महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा राहुल त्रिपाठी दहा लाखांत आलेला, काय खेळला पोरगा! 21 मे 2017, हैदराबाद. मुंबई 129, आम्ही 128. माझा सहा वर्षांचा मुलगा रडत झोपला. आणि टीम संपली. 2021 मध्ये गोएंकांनी 7,090 कोटींना लखनौची टीम घेतली. 'सुपर जायंट्स' हे नाव तिकडे गेलं, पुणे तेवढं इथे राहिलं.

माझा चुलतभाऊ गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. तो चेन्नईवाला. म्हणतो, "आण्णा, टीम म्हणजे दुकान. चालंना तर पुढच्या गावाला जायचं." पोटासाठी देशभर पांगलेल्या आपल्या माणसांनी असं म्हणणं मी समजू शकतो. पण हाच गडी दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीला रात्रभर प्रवास करून विट्यात येतो. मी विचारलं, आपली पालखी मागं पडली म्हणून कधी दुसऱ्या पालखीला खांदा दिलास का? तर म्हणाला, "पालखीला मालक नसतो." मला उत्तर सुचलं नाही.

जर्मनीत फुटबॉल क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे ठेवायचा नियम आहे. आता सभासदांच्या नावावर काय काय चालतं हे आपल्या जिल्ह्याने साखर कारखान्यांत बघितलंय, त्यामुळे फार भाबडं होण्यात अर्थ नाही. पण निदान वार्षिक सभेत उठून चार शिव्या तरी घालता येतात. मी तिकीट काढलं, टोपी घेतली, जाहिराती बघितल्या. सभा कुठे होती?

मुलगा आता ऋतुराजसाठी चेन्नईचा. पुण्याचं पोरगं चेन्नईचं कर्णधार झालेलं, त्यात त्याला काही खटकत नाही. परवा त्यानेच विचारलं, "पप्पा, पुण्याची टीम परत आली तर?"

मी म्हटलं, "बघू."

"म्हणजे हो," म्हणाला आणि आत गेला.