चोपण

मराठवाड्याच्या जुन्या बोलीत जमिनीला दोन नावे आहेत. पेरणीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत पिकवावे आणि पांढरीत नांदावे, अशी ती वाटणी. संस्थेच्या या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा गुरुजनांविषयी, वसतिगृहाच्या शिस्तीविषयी आणि पंगतीतल्या भाकरीविषयी इतर तुकड्या लिहितीलच, हे आम्ही जाणून होतो. आम्ही १९९४ साली दहावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी. आम्हांस लिहावेसे वाटले ते शाळेमागच्या ओढ्याकाठी असलेल्या वीस गुंठ्यांच्या पट्ट्याविषयी. तो धड काळीतही मोडत नव्हता आणि पांढरीतही नाही. त्याला सारे चोपण म्हणत.

धाराशिव जिल्ह्याची माती अग्निजन्य खडकातून आलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार घडले. तो काळा बेसाल्ट ऊनपावसाने झिजत गेला आणि त्याची माती झाली. बालाघाटच्या माथ्यावर ती वीतभर, मुरमाड राहिली. सीना, तेरणा आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांत मात्र वाहून आलेले बारीक कण साचत जाऊन ती पुरुषभर खोल झाली. या खोल काळ्या मातीत निम्म्याहून अधिक भाग चिकणमातीचा असतो. पाणी मिळाले की ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगांत वरची माती पडते, पावसात ती पुन्हा फुगते, आणि अशा रीतीने जमीन स्वतःच स्वतःची उलथापालथ करीत राहते. पाऊस संपल्यावर केवळ मुरलेल्या ओलीवर शाळू पिकतो तो हिच्याच बळावर. तेरला गोरोबाकाकांच्या चाकावर आकार धरणारी आणि त्याही आधी तगर या प्राचीन नगरीत विटा व मूर्तींच्या रूपाने टिकून राहिलेली माती या तेरणाकाठचीच.

मग चोपण कशी होते? खडक झिजताना त्यातून चुना, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटतात. कोकणासारखा धो धो पाऊस असता, तर ते विरघळून समुद्रास मिळाले असते. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि ऊन कडक. म्हणून उंचावरचे क्षार पाण्याबरोबर सखल भागात येतात, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. त्यातच पाटाचे किंवा विहिरी-बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे, निचऱ्याची वाट न ठेवता दिले गेले, की हेच काम अधिक वेगाने होते. सर्व क्षार सारखे नसतात, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. चुन्यातील कॅल्शियम मातीच्या कणांना एकत्र धरून ठेवते. सोडियमने वेढलेले कण ओले झाले, की एकमेकांपासून सुटतात आणि मातीतील बारीक छिद्रे बुजवून टाकतात. मग पाणी खाली जात नाही आणि हवा आत शिरत नाही. ओली असता पायाला लोण्यासारखी चिकटणारी ही जमीन वाळली, की कुदळ परतवते. तिला वाफसा असा येतच नाही. कालपर्यंत चिखल, आज दगड, अशी तिची तऱ्हा.

प्रयोगशाळा या जमिनींचे तीन प्रकार करते. विद्युतवाहकता ४ डेसिसायमनच्या वर आणि सामू साडेआठाच्या आत असेल, तर ती क्षारयुक्त. तिच्यावर उन्हाळ्यात पांढरा थर फुलतो आणि निचरा मिळाला, की चांगल्या पाण्याने ती पुष्कळशी धुऊन निघते. वाहकता कमी, पण सामू साडेआठाच्या पुढे आणि कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती चोपण. तिला नुसते पाणी देऊन भागत नाही. दोन्ही दोष एकत्र असलेली ती क्षारयुक्त-चोपण.

हे सारे आम्हांस आकड्यांतून कळले नाही. आमच्या विज्ञानाच्या सरांनी आठवीच्या वर्गात टेबलावर दोन काचेचे पेले ठेवले आणि दोहोंत पन्हाळीखाली धरलेले पावसाचे पाणी ओतले. एकात वरच्या शेतातील ढेकूळ सोडले आणि दुसऱ्यात ओढ्याकाठचे. पहिले ढेकूळ विरघळून तळाशी बसले, वरचे पाणी निवळ राहिले. दुसऱ्या पेल्यातील पाणी गढूळ झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या वंदनेनंतर पाहिले, तरी तसेच गढूळ होते. सरांनी त्यात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळले. सायंकाळपर्यंत गाळ खाली बसला होता. जिप्सममधील कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेते, एवढेच त्यांनी सांगितले. सुटलेला सोडियम जाणार कोठे, हा प्रश्न त्यांनी आमच्यावरच सोपविला.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे चर. निचऱ्याची वाट नसेल, तर जिप्सम कितीही टाका, सुटलेला क्षार तेथेच राहतो. आम्ही त्या वर्षी रविवारच्या श्रमदानात उतार पाहून कंबरभर खोल चर खणला आणि तो ओढ्यास जोडला. पुढे जिप्सम पडले. पावसाळ्यात धैंचा पेरला आणि तो फुलावर येताच जमिनीत गाडला. शेणखत आम्हीच टोपल्यांनी वाहिले. पहिल्या वर्षी जे पेरले, ते ठिगळाठिगळांनी उगवले. तिसऱ्या हिवाळ्यात, आमच्या दहावीच्या वर्षी, पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात गहू उभा राहिला. खालचा अर्धा भाग तसाच राहिला होता. तो पुढच्या तुकड्यांनी हाती घेतला.

त्याच वर्षी, १९९३ च्या ३० सप्टेंबरला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर यांचा परिसर क्षणार्धात जमीनदोस्त झाला. आपल्या भागातील जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरे-तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. या थरासाठी मुद्दाम पांढरी, खारट माती आणीत, कारण ती पावसात फुगून छिद्रे बुजविते आणि पाणी झिरपू देत नाही. जो गुण पिकाचा जीव घेतो, तोच डोक्यावरचे छप्पर कोरडे ठेवतो, हे पाहून आम्हांस पूर्वी कौतुक वाटे. पावसाळ्यापूर्वी त्यावर नव्या मातीची भर पडे आणि माळवद वर्षागणिक जड होत जाई. त्या पहाटे हजारो माणसे झोपेतच त्या ओझ्याखाली गेली. दिवाळीनंतर आमच्या वसतिगृहात काही नवी मुले आली. त्यांच्यापैकी दोघे आमच्याबरोबर चरातील गाळ काढीत. ती बोलत नसत. पण कामाच्या वेळी ती सर्वांत पुढे असत.

आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तेव्हा जमीन नव्हतीच. ज्यांच्याकडे होती, त्यांच्या वाट्यास ती बहुधा गायरानातून किंवा ओढ्याच्या कडेने आलेली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यातील आमच्या आजोबांच्या पिढीने त्यांत तुरुंगवास पत्करला. एवढे करून हाती आलेला तुकडा अनेकदा मुरमाड किंवा चोपण निघे. चांगली काळी कोणी सोडत नाही. म्हणून चोपण जमीन हा आमच्यासाठी केवळ कृषिशास्त्राचा विषय कधीच नव्हता.

आमच्यापैकी एकाच्या घरी अशीच चार एकर जमीन होती. वडिलांच्या पश्चात भावंडांत ती विकण्याचा विचार पक्का होत आला होता. येणारी किंमत लग्नात सहज संपली असती. आम्ही काही जण तेथे गेलो, पावसाच्या पाण्यात ढेकूळ टाकून पाहिले आणि माती तपासणीस दिली. अहवाल आला तो चोपणचा. उपाय ठाऊक होता, पण अडचण मातीत नव्हती. चर ओढ्यापर्यंत न्यायचा, तर तो खालच्या शेतातून जाणार, आणि खालच्या शेताच्या मालकाच्या घरी या कुटुंबाची जुनी पिढी उंबऱ्याबाहेर उभी राहत असे. थोरला भाऊ तीनदा त्यांच्याकडे गेला. चौथ्या वेळी त्याने मातीचा अहवाल न नेता त्या मालकालाच बांधावर बोलाविले आणि त्यांच्याच शेताच्या वरच्या कोपऱ्यात फुललेला पांढरा थर दाखविला. पाणी वरून खाली मुरत होते, आणि रोग बांध ओळखीत नव्हता. त्या उन्हाळ्यात दोघांच्या खर्चाने एकच चर झाला. त्या घरात अजून सोयरिकीची भाषा नाही. पण चरातील गाळ दरवर्षी दोन्ही घरचे लोक मिळून काढतात आणि जमीन विकली गेली नाही.

आमच्या एका मित्राचा मुलगा शिक्षणासाठी कॅनडातील सास्काचेवान प्रांतात आहे. तेथील माती आपल्यासारखी लाव्ह्याची नाही. हिमयुगात प्रचंड हिमस्तरांनी खडक भरडून जो गाळ मागे सोडला, त्याची ती झाली. तरीही तेथे सोडियमने घट्ट झालेल्या चिकणमातीचे पट्टे आहेत. त्यांना रशियन भाषेतून आलेले ‘सोलोनेट्झ’ हे नाव आहे. तेथील शेतकरीही मुळे खाली उतरत नाहीत, अशीच तक्रार करतात. आईबाप वेगळे असले, तरी क्षार साचला आणि निचरा नसला, की माती सर्वत्र सारखीच वागते.

आज जिल्ह्यात सीना-कोळेगाव, निम्न तेरणा असे प्रकल्प आहेत, बोअर आहेत आणि पाणी दिसेल तेथे ऊस आहे. पाणी यावे, ही आपल्या दुष्काळी जिल्ह्याची तीन पिढ्यांची आस आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पालकांना एवढीच विनंती, की पाणी आणण्यापूर्वी ते बाहेर कोठून जाईल, याचा नकाशा काढावा. मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करावी. जिप्समची मात्रा शेजाऱ्यास विचारून ठरवू नये, अहवालावरून ठरवावी. आणि चोपण म्हणून जमीन कवडीमोलाने देण्यापूर्वी तीन पावसाळे तिच्यासाठी द्यावेत.

येत्या स्नेहमेळाव्यास येताना आपल्या शेतातील मूठभर माती वाळवून, पिशवीवर गावाचे व गटाचे नाव घालून आणावी. पेले आणि पावसाचे पाणी आम्ही तयार ठेवू.