एम. सी. सी., मालगुडी

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे, त्यांत आईवडील आहेत, गावच्या शाळेतले गुरुजी आहेत, ज्यांच्या हाताखाली मी धंदा शिकलो ते मालक आहेत. आणि क्रिकेटचा एक संघ आहे. हा संघ कागदाबाहेर कधी खेळला नाही. आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या १९३५ सालच्या कादंबरीत तो आहे, आणि त्याच्या ज्या सामन्याची सगळ्या पुस्तकाला आस लागलेली असते, तो सामना तो हरतो. आज माझं खेळाच्या साहित्याचं दुकान आहे. तिथे आलेल्या पोराशी कसं बोलायचं, हे मला या संघानं शिकवलं.

जत तालुक्यातल्या गावाहून मी कॉलेजसाठी सांगलीला आलो आणि एका दुकानात दुपारपाळीला राहिलो. बॅटी मेरठ-जालंधरहून येतात, काश्मिरी आणि इंग्लिश विलोत फरक असतो, नव्या बॅटीला जवसाचं तेल पाजावं लागतं, सीझन बॉलची शिवण बोटांनी चाचपून बघायची असते, हे सगळं तिथेच कळलं. गावाकडे आम्ही बाभळीच्या फळीनं खेळलेलो.

अक्षर बरं म्हणून टपाल माझ्याकडे आलं. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ अशा लांबच्या गावांतून पत्रं येत. बरीचशी शाळांची असत, पण मधूनच एखादं पोस्टकार्ड पोरांचं असे. कुणीतरी कॅप्टन सही करून दोन बॅटी, तीन स्टंप आणि बॉल लगेच पाठवा म्हणून कळवी. त्यांना द्यायचं उत्तर ठरलेलं होतं : आपली ऑर्डर मिळाली, पंचवीस टक्के रक्कम आगाऊ पाठवावी, उरलेल्या रकमेची व्ही. पी. केली जाईल, कळावे. (व्ही. पी. म्हणजे पार्सल हाती घेताना टपालात पैसे चुकते करायचे.) मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून टपालात टाकी. त्या पोस्टकार्डांना पुन्हा उत्तर येत नसे. का येत नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

‘मालगुडी डेज’ दूरदर्शनवर लागायची ते हेच दिवस. नारायण यांच्या मालगुडी या काल्पनिक गावातल्या गोष्टींवरची ती मालिका शंकर नाग यांनी केली होती. दुकानामागच्या घरात मालकांचा टीव्ही होता, आणि त्या वेळेपुरती आम्हा पोरांना सुट्टी असे. स्वामी झालेला मंजुनाथ, एल. वैद्यनाथन यांचं ते संगीत, आणि सुरुवातीला येणारी आर. के. लक्ष्मण यांची चित्रं. लक्ष्मण म्हणजे मुंबईच्या पेपरात रोज सामान्य माणूस काढणारे, एवढंच मला ठाऊक होतं. ते नारायण यांचे धाकटे भाऊ, हे मालकांनी सांगितलं. पुढे मी वाचलं की म्हैसूरला लहानपणी लक्ष्मण स्वतःच गल्लीतल्या संघाचे कॅप्टन होते आणि त्यांच्या उचापतींवरून थोरल्या भावाने गोष्टी लिहिल्या. पोरांच्या संघाकडे इतक्या जवळून, इतक्या मायेनं कसं पाहता येतं, याचा थोडा उलगडा मला त्यातून झाला.

मालिका आवडली म्हणून वाचनालयातून ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आणलं. इंग्रजी जेमतेम होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन रात्री चार-दोन पानं वाचायची, असं चाललं. संघ निघतो तिथपर्यंत पोचलो आणि मग मात्र पुस्तक खाली ठेववेना. राजम हा पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, तो कॅप्टन. मणी आणि स्वामी त्याचे उजवे-डावे हात. संघाला नाव काय द्यायचं यावर त्यांचा खल होतो. सरकार सगळ्यावर कर घेतं तर क्रिकेटच्या संघावरही घेत असणार, या काळजीनं ते हैराण होतात. १९३० सालचा, सत्याग्रहाचा तो काळ. सरकार नको तिथे नाक खुपसतं असं वाटून राजमला घटकाभर गांधीजींचं म्हणणं पटतं. शेवटी नाव ठरतं एम. सी. सी., म्हणजे मालगुडी क्रिकेट क्लब. लॉर्ड्सवर क्रिकेटचे नियम करणाऱ्या मेरिलबोन क्लबची हीच आद्याक्षरं.

मग ते मद्रासच्या बिन्स नावाच्या दुकानाला पत्र लिहितात : सामान तातडीनं पाठवा, पैसे नंतर देऊ, भिऊ नका. बिन्सचं उत्तर येतं, तेही टाइप केलेलं, आणि सोबत जाडजूड कॅटलॉग. पोरांना आभाळ ठेंगणं होतं. टपालखात्यानं आपला संघ मानला, एवढ्या मोठ्या पेढीनं आपल्याला कार्डावर न बोळवता सबंध पत्र लिहिलं! पण त्या पत्राचा अर्थ काही त्यांना लागत नाही. पत्रात लिहिलेलं असतं : पंचवीस टक्के आगाऊ पाठवावेत, बाकी व्ही. पी.नं. तिघं डोकी लढवतात आणि ठरवतात की हे दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आपल्याला आलं. मग ते सौजन्यानं ते पत्र बिन्सला परत पाठवतात आणि आम्ही आमच्या सामानाची वाट पाहतो आहोत म्हणून कळवतात.

हे वाचताना हसू येतं, आणि नारायण यांना ते यायला हवंच आहे. मला मात्र हसता हसता थांबावं लागलं. ते पत्र माझ्या ओळखीचं होतं. त्यातली टक्केवारीसुद्धा माझीच होती. ज्या पोस्टकार्डांना पुढे उत्तर येत नव्हतं ती लिहिणारी पोरं आमच्या कागदाभोवती अशीच डोकी जुळवून बसली असतील, हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. मी त्याच भागातला होतो. तरीही त्यांना पाहायला मला म्हैसूरच्या एका लेखकाची गरज लागली.

दुसऱ्या दिवशी मालकांना विचारलं, पोरांच्या पत्रांना मी जरा वेगळं लिहू का? ते म्हणाले, लिही, पण उधारी नाही. मग मी लिहू लागलो : तुमचं पत्र मिळालं. दोन बॅटींना इतके पैसे पडतील. सगळे जमले नसतील तर आधी एक बॅट आणि दोन बॉल घ्या, स्टंप गावातल्या सुताराकडून करून घ्या, मापं खाली दिली आहेत. कुणी मोठं माणूस सांगलीला येणार असेल तर त्याच्याकडे पैसे द्या, सामान एस.टी.नं पाठवू. अशा पत्रांना उत्तरं येऊ लागली. धंदा वाढला असं म्हणता येणार नाही, पण कार्डं थांबली नाहीत. स्टंपांची मापं लिहायची कल्पनाही मालगुडीचीच. बिन्सचं सामान येईपर्यंत ती पोरं खोक्याच्या तळाच्या फळ्यांतून तीन बॅटी काढतात, राजम वडिलांच्या क्लबातून टेनिसचे वापरलेले चेंडू आणतो, आणि सराव सुरू होतो. सामान नाही म्हणून खेळ थांबवायचा नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

स्वतःचं दुकान काढल्यावर मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी मी शेवटापाशी अडलो. स्वामी हा संघाचा बोलर. इंग्लंडच्या मॉरिस टेटवरून मित्र त्याला टेट म्हणतात, ज्या टेटनं १९२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत ३८ बळी घेतले होते. पण शाळेत संध्याकाळी ड्रिल असतं, आणि सरावाला सुटता येत नाही. त्यातून सुटका व्हावी म्हणून स्वामी डॉक्टरकडे जाऊन पाहतो, मुख्याध्यापकांचा मार वाट्याला येतो, छडी हिसकावून खिडकीबाहेर फेकतो आणि पळून जातो. जंगलात वाट चुकतो. घरी परततो तेव्हा सामना होऊन गेलेला असतो आणि संघ हरलेला असतो. राजम त्याच्याशी बोलत नाही. पुढे राजमच्या वडिलांची बदली होते, आणि स्टेशनवर स्वामीच्या हातात त्याच्यासाठी आणलेलं अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक असतं.

मुलांच्या सामन्याला इतकं वजन देणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. तो सामना हरणं म्हणजे एका मुलाचं जगच हातातून जाणं आहे, आणि नारायण त्यावर मोठ्यांची फुंकर घालत नाहीत. तेव्हापासून हरून आलेल्या पोरांना मी ‘पुढच्या वेळी जिंकाल’ म्हणत नाही. एकदा हरलेला संघ किटबॅग परत द्यायला आला. एक मुलगा पायरीवरच थांबला होता, त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. काय झालं ते मी विचारलं नाही. त्याला आत बोलावलं, नव्या बॉलची पेटी उघडली आणि शिवण कशी बघायची ते दाखवत बसलो. तो बोलर होता. निघताना त्यानं विचारलं, “काका, उद्या येऊ का?” पुढे तो येत राहिला.

शाळेची मोठी ऑर्डर गेली की तिच्याबरोबर मी या कादंबरीची एक प्रत ग्रंथालयासाठी देतो. मागे एका शाळेतल्या मुलाची चिठ्ठी आली. पुस्तक अर्धं वाचून झालं होतं. त्यांच्या वर्गाच्या संघाला मालगुडीच्या एम. सी. सी.शी मॅच घ्यायची होती, पत्ता हवा होता. मी त्याला लिहिलं की कॅप्टन राजमच्या वडिलांची बदली झाल्यामुळे तो संघ सध्या खेळत नाही, कसं झालं ते उरलेल्या पुस्तकात सापडेल. सामना हवाच असेल तर आमच्या गल्लीतली पोरं तयार आहेत, मैदान आणि तारीख तुम्ही ठरवा, बॉल माझ्याकडून.