आखडता हात

अष्टागरात वसंत आल्याची वर्दी कोकिळेच्या आधी विहीर देते. फेब्रुवारी सरता सरता पाणी एकेक कपार सोडून खाली उतरायला लागतं आणि पंपाच्या बटणावर हात जरा घुटमळतो. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या वाड्या समुद्राला इतक्या खेटून आहेत की आमच्या विहिरींतलं गोडं पाणी हा खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक थर असतो. पावसाचं पाणी पुळणीतून झिरपतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर राहतं. उपसा बेताचा ठेवला तर मे निभावतो. हावरटपणा केला की खालचं खारं पाणी वर चढतं. पाणी मचूळ झाल्याचं आपल्या जिभेआधी घेवड्याच्या पानांना कळतं, त्यांच्या कडा करपतात.

विलायती बागकामाची पुस्तकं वसंतात पेरायला सांगतात. तिकडे बर्फ वितळून जमीन नुकती जागी झालेली असते, ते बरोबरच आहे. आमची पेरणी मृगाची. तोवर पाणी कोणाला द्यायचं, कोणाला नाही आणि दिलेलं कसं टिकवायचं, याचाच हिशेब वाडीत चालतो. त्यात हात सैल सोडण्यापेक्षा आखडता घेणं जास्त कठीण.

भातानंतर जमिनीतल्या ओलीवर पोसलेले वाल या सुमाराला निघून गेलेले असतात. अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याकडे पांढरा कांदा उपटून त्याच्या वेण्या वळायला घेतात. 2022 मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या माळा पडवीत टांगायची पद्धत त्याहून कितीतरी जुनी. आमच्या परसातला कांद्याचा छोटा वाफाही मोकळा होतो आणि मोकळा वाफा दिसला की हात शिवशिवतात. त्यावर सासूबाईंचा दंडक असा, की न्हाणीचं नि भांड्यांचं पाणी जेवढ्याला पुरेल तेवढंच पेरायचं. म्हणून थोडा लाल माठ, थोडी भेंडी आणि न्हाणीमागे दुधीचे वेल, एवढ्यावर मी भागवते.

पाणी टिकवण्याचं काम सोडणं करतात. नारळ सोलून उरलेली ही सालं बरेच जण बंबात घालतात. मी त्यांचे ढीग जपते. माडाच्या आळ्यात ती वरच्यावर पसरायची असतील तर उपडी, पाठ आभाळाकडे करून. चर खणून पुरायची असतील तर उताणी, एकावर एक थर देऊन, म्हणजे वाटीसारख्या पोटात पाणी थांबतं. काथ्याच्या धाग्यांमधला भुसा ते धरून ठेवतो आणि मुळांना सावकाश देतो. एका माडाच्या आळ्याला अडीचशे-तीनशे सोडणं लागतात, पण पुरलेली असली तर पुढची काही वर्षं बघावं लागत नाही. एप्रिलच्या भर दुपारी आळ्यातलं एखादं सोडण उचलून पाहावं. बाहेरची पुळण पायाला चटके देत असते आणि सोडणाखाली माती काळपट, गार असते. तिच्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं वर चढून थेट काथ्यात शिरलेली असतात. पाणी कुठे आहे ते त्यांना बरोबर सापडलेलं असतं.

मोगऱ्याचं तंत्र याच्या अगदी उलट. त्याला आधी उपाशी ठेवायचं. जानेवारीत पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची. मग वाळक्या आणि किरकोळ फांद्या काढून झुडूप छाटायचं, राहिलेली पानं ओरबाडायची, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना चार दिवस ऊन दाखवायचं. त्यानंतर शेणखत घालून आळं भरायचं आणि भरपूर पाणी द्यायचं. फुलं येतात ती नव्या फुटीच्या टोकाला. ताण देऊन छाटलं की सगळी फूट एकदम निघते आणि बहर एका वेळी धरतो. नव्या फुटीच्या शेंड्याला बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो, त्यातली मधली आधी फुगते आणि आधी उमलते. वेचताना मधली घ्यायची नि बाजूच्या दोन पुढच्या दिवसांसाठी ठेवायच्या, हे बोटांच्या लवकरच अंगवळणी पडतं.

हापूसच्या कलमालाही मोहोर येण्याआधी पाणी पाजलं तर मोहोराऐवजी पालवी यायची भीती असते. फळं वाटाण्याएवढी झाली की मात्र नियम फिरतो. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ सांगतं की तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, तीन-चार वेळा, कलमामागे 150 ते 200 लिटर पाणी द्यावं आणि आळ्यात गवताचं आच्छादन करावं. त्याने फळगळ कमी होते. फळ अंड्याएवढं झालं की वर्तमानपत्राच्या, साधारण 25 बाय 20 सेंटिमीटरच्या पिशव्या चढवायच्या, म्हणजे फळमाशीला डंख मारायला जागा उरत नाही. पिशव्या चिकटवायचं काम घरातल्या मुलांचं. कोणत्या आंब्याच्या डोक्यावर कोणती बातमी आली, यावरून त्यांची भांडणं होतात.

दुधीची फुलं दिवेलागणीला उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी परतलेल्या असतात. रात्रीचे पतंग आले तर फळ धरतं, नाही तर चिमुकला दुधी पिवळा पडून गळतो. म्हणून संध्याकाळी मी वेलापाशी उभी राहते. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी असतोच. नर फूल नुसत्या लांब देठावर उभं असतं. ते खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि पराग मादीच्या मधल्या बोंडावर अलगद टेकवायचे.

पण माझ्या हाताने फळ धरलं की पतंगांनी, हे कसं कळणार? त्यासाठी एका वेलाला हात लावायचा नाही. तसंच माडाचं एक आळं सोडणांविना, मोगऱ्याचं एक झुडूप न छाटता आणि आंब्याची एक फांदी पिशव्यांविना ठेवायची. घरात यावर नाराजी असते. "त्या आळ्याने काय घोडं मारलंय तुझं?" असं सासूबाई दर वर्षी विचारतात. मी त्यांना अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं उदाहरण देते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याची चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेच्या नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. 1904 साली इथे काम सुरू झालं, पण जुनी जागा लगेच सोडली नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, तेव्हा कुठे दोन ठिकाणांतला फरक हाती आला. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानेही शेतकऱ्याला हेच शिकवलं, की आपल्या रानात स्वतः करून बघावं, ताडून बघावं आणि मग दुसऱ्याला सांगावं. सगळ्याच झाडांना सगळं दिलं की झाडं बहरतात, पण कशामुळे ते कळत नाही.

एका झाडाच्या बाबतीत मात्र सासूबाईंपुढे माझं काही चालत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरचे माड आणि पोफळी आडव्या केल्या. श्रीवर्धन-दिवेआगरकडे तर रोठा सुपारीच्या वाड्याच्या वाड्या गेल्या. वाडी उघडी पडली आणि जिथे कधी कवडसाही पोहोचत नव्हता तिथे उतरतं ऊन थेट बुंध्यावर यायला लागलं. पोफळीला पश्चिमेकडचं ऊन सोसत नाही. खोड आधी पिवळं पडतं, मग करपून तडकतं आणि ती जागा जन्मभर अधू राहते. नव्या लावलेल्या रोपांना फळ धरायला पाच-सात वर्षं. मला यंदा काही रोपांच्या पश्चिमेला केळी लावून, काहींना झावळ्यांचा आडोसा करून आणि एखादं उघडं ठेवून बघायचं होतं. केळीला आणि झावळ्यांना सासूबाईंनी होकार दिला, उघड्या रोपाला साफ नकार. न छाटलेला मोगरा पुढच्या वर्षी छाटता येतो आणि गळलेला दुधी पुन्हा धरतो, पण तडकलेलं खोड भरून येत नाही. प्रयोगातही हात आखडता घ्यावा लागतो तो इथे. पोफळींच्या रांगेत यंदा एकही रोप उन्हात नाही.