किंगपिनसाठी अंबरनाथ वेस्ट!

वीकेंडला अंबरनाथ म्हटलं की मित्रमंडळी लगेच शिवमंदिराचे फोटो पाठवतात. १०६० सालचं ते शिलाहारकालीन मंदिर भन्नाटच आहे, पण ते ईस्टला. यावेळी मी उतरलो वेस्टला, सॅकमध्ये प्रीमियर पद्मिनीचे दोन झिजलेले किंगपिन घेऊन!

किंगपिन म्हणजे काय? पुढचं चाक ज्या पोलादी खिळीभोवती डावीउजवीकडे वळतं, ती खिळी. तिला धरून ठेवतात ब्राँझचे बुश. बाबांच्या १९८२ च्या गाडीत दोन्ही झिजले होते. स्पीड पन्नासच्या वर गेला की स्टिअरिंग थरथरायचं. त्यात रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल तोंडावर, म्हणजे आरटीओची फिटनेस टेस्ट आलीच. मुंबईतल्या एका गॅरेजवाल्याने गाडी बघून सरळ सांगितलं, "भंगारात द्या." त्यानंतर दोन दिवस बाबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

आता यासाठी अंबरनाथच का? कारण वेस्टचा हा भाग मशीनवर वाढलाय. ऑर्डनन्स फॅक्टरी इथलीच, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही इथलीच. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सरकारी कंपन्या झाल्या, पाट्या बदलल्या, पण रिक्षावाल्याला अजून ‘ऑर्डनन्स’ एवढंच सांगितलं की पुरतं. अशा गावात लेथवर हात बसलेली माणसं शोधावी लागत नाहीत.

मला भेटलेले टर्नर काका कमी बोलणारे. मायक्रोमीटरमध्ये खिळी धरली, तीन ठिकाणी माप घेतलं आणि म्हणाले, "खिळी नवीन घे, सेट मिळतो. बुश मी करून देतो. पण आधी सांग, प्ले किंगपिनचाच आहे ना?"

मग त्यांनी एक टेस्ट सांगितली. जुनी गाडी असेल तर तुम्हीही लिहून ठेवा. चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. चाक हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर बहुतेक किंगपिन! आमची टेस्ट गॅरेजमध्ये आधीच झाली होती, म्हणून मी निवांत.

बुश करताना बघणं म्हणजे लाइव्ह शो. ब्राँझचा दांडा लेथवर फिरतो, सोनेरी कीस उडतो. ग्रीससाठी भोक आणि चर पाडायचे, ते ग्रीस निप्पलच्या समोरच यायला हवेत. बुश प्रेसने बसवल्यावर शेवटी रीमर फिरवायचा, तोही वरच्या आणि खालच्या बुशमधून एका रेषेत. एखाद-दुसरा ‘थाऊ’, म्हणजे इंचाचा हजारावा भाग इकडेतिकडे झाला की स्टिअरिंग जड तरी होतं, नाहीतर पुन्हा प्ले येतो.

सगळंच बदललं तर गाडी बाबांची राहील का, हा प्रश्न मी काकांना विचारलाच. "झिजायलाच बनवलंय ते बदलायचं," काका म्हणाले, "बाकीच्याला हात लावायचा नाही." गंमत म्हणजे सरकारही साधारण हेच म्हणतं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, पण चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. आमच्या गाडीची पन्नाशी २०३२ मध्ये! तोवर दर रिन्यूअलला तिला फिट ठेवायचं.

मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणून आता घरोघरी उरलेल्या पद्मिन्याच काय त्या. एखादी तुमच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी असेल, तर भंगारवाल्याच्या आधी एखादा टर्नर गाठा.

कसं जाल? सेंट्रल लाइनवर कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, मग अंबरनाथ. वेस्टला उतरा. जुना पार्ट सोबत न्या, फोटोवरून माप निघत नाही!